पठारावरचे बावन्न आठवडे : प्रस्तावना

दर आठवड्याला एक विषय, आणि त्या विषयावर त्याच सात दिवसांत स्वतः काढलेला एक फोटो. जुना फोटो चालत नाही, दुसऱ्याचा चालत नाही, आणि दहा पाठवून ‘यातला तुम्हीच निवडा’ असेही म्हणता येत नाही. जगभरचे हौशी फोटोग्राफर जे साप्ताहिक आव्हान खेळतात त्याचे नियम एवढेच. हे पुस्तक तो खेळ जिवती तालुक्यात, जिवतीच्याच माणसांनी वर्षभर खेळावा म्हणून तयार केले आहे. पुढच्या पानांवर आठवड्यांचे विषय आहेत, प्रत्येक विषयाखाली दोन-चार सूचना आणि टिपणासाठी रिकामी जागा. त्याआधी हा खेळ इथे कशासाठी, त्याचे पूर्वज कोण आणि तो खेळताना काय सांभाळायचे, हे सांगायला ही प्रस्तावना.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे बाहेरच्यांना मोजक्याच चित्रांतून माहीत आहेत. चंद्रपूर म्हणजे ताडोबाचा वाघ. गडचिरोली म्हणजे जंगल आणि बंदूक. जिवतीच्या वाट्याला यातले काहीच आलेले नाही. माणिकगडच्या डोंगरावरचा, राजुऱ्यातून वेगळा झालेला चंद्रपूरचा हा तालुका वर्तमानपत्रात मुख्यतः तीन रूपांत दिसतो. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग. दिवाळीत मोरपिसांचा टोप घातलेला गुसाडी, म्हणजे गोंडांचा नर्तक. आणि निवडणूक आली की दोन राज्यांची दोन मतदार ओळखपत्रे हातात धरून उभा असलेला सीमेवरचा माणूस. तिन्ही चित्रे खरी आहेत. पठारावरच्या विहिरी उन्हाळ्यात खरोखर तळ गाठतात. गुसाडी खरोखर नाचतो. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशा चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, आणि तिथल्या अनेक घरांत रेशनकार्डेही दोन निघतात. पण ही तीन चित्रे मिळून वर्षातले फार तर तीन आठवडे भरतात. उरलेल्या एकोणपन्नास आठवड्यांत इथे माणसे काय करतात, हे कोणी येऊन पाहत नाही, कारण त्यात बातमी नसते.

ठरलेल्या चित्रामागे धावण्याची सवय किती दूर जाते याचे उदाहरण शेजारीच आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले, आणि पर्यटकांच्या जिप्सींनी त्यांची वाट दोन्हीकडून अडवली. चित्रफिती पसरल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतल्या माणसांना वाघ पाहायचा होता यात गैर काही नव्हते. सगळ्यांना एकच चित्र हवे होते, आणि तेही त्याच मिनिटाला, म्हणून वाघिणीला पाऊल टाकायला जागा उरली नाही. साप्ताहिक आव्हानात गर्दी अशी एका जागी जमत नाही. विषय सर्वांना सारखा असला तरी त्याचे उत्तर ज्याला त्याला आपल्या अंगणात, आपल्या शेतात, आपल्या वस्तीत, गुड्यात शोधावे लागते.

विषय देऊन फोटो काढण्याची रीत मात्र नवी नाही, आणि तिचा इतिहास सगळाच गोड नाही. भारतातली पहिली फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्ये मुंबईत स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले आणि पुढे मुंबईतले नामांकित छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही सोसायटीच्या पहिल्या भारतीय सभासदांतले. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ दरमहा प्रसिद्ध केला. त्यात अस्सल छापलेले फोटो चिकटवलेले असत. ठरावीक काळाने ठरावीक फोटो ही शिस्त आपल्याकडे त्या वेळेपासून आहे.

त्याच जॉन्सनने १८६३ आणि १८६६मध्ये मुंबईतल्या ‘जाती-जमातीं’चे दोन खंड काढले. त्यातली बरीचशी चित्रे बनवण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे : माणसांचे फोटो एकीकडे काढायचे, देखाव्याचा फोटो दुसरीकडे, आणि मग माणसे कापून त्या देखाव्यावर बसवायची. माणूस जिथे राहतो, राबतो, भांडतो ती जागाच चित्रातून गेली आणि तिच्या जागी शोभेचा पडदा आला. मग सरकारी आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. देशभरातून गोळा केलेली साडेचारशेहून अधिक छायाचित्रे, आणि बहुतेकांच्या खाली माणसाच्या नावाऐवजी जातीचे किंवा जमातीचे नाव. तिथे विषय सरकारने दिला होता आणि समोरचा माणूस त्या विषयाचा नमुना होता. विषयाची पहिली जोखीम ती हीच. ‘आदिवासी’ असा विषय दिला की उत्तर आधीच ठरते, आणि कॅमेरा फक्त ते उत्तर सिद्ध करायला निघतो. या पुस्तकात असा एकही विषय नाही.

विषय चांगला कसा द्यावा हे अमेरिकेतल्या मंदीच्या काळात रॉय स्ट्रायकर या माणसाने दाखवले, आणि त्यातला धोकाही त्यानेच दाखवला. सरकारच्या शेतकरी पुनर्वसन खात्याच्या फोटो विभागाचा तो प्रमुख होता. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली यांसारखे छायाचित्रकार त्याच्या हाताखाली होते. १९३६मध्ये रॉबर्ट लिंड या समाजशास्त्रज्ञाशी बोलणे झाल्यावर त्याने छायाचित्रकारांना विषयांच्या याद्या पाठवायला सुरुवात केली. संध्याकाळी घरी माणसे काय करतात, पैसेवाल्यांकडे कसे आणि गरिबांकडे कसे; गावात लोक एकमेकांना कुठे भेटतात, दुकानात की रस्त्याच्या कोपऱ्यावर; असे साधे, उघडे प्रश्न. कोणाला काय सापडेल हे यादी लिहिणाऱ्यालाही माहीत नसे. आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्या कामाच्या सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह आहेत, आणि त्या काळची खेडी जगाला दिसतात ती मुख्यतः त्यांतूनच. पण हाच स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला पंचने भोक पाडत असे. कितीतरी चेहऱ्यांवर, शेतांवर, आकाशावर काळे गोल वर्तुळ कायमचे बसले आहे. विषय देणाऱ्याच्याच हातात पंचही असला तर काय होते, हे त्या निगेटिव्ह पाहून कळते.

तिसरे उदाहरण आपल्या डोंगराच्या पलीकडचे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ १९३९मध्ये भारतात आला आणि महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया तेव्हा जर्मनीने गिळलेला असल्यामुळे तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला, आणि त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहावे लागले. १९४०मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध उठाव करणारा गोंड नेता कोमराम भीम मारला गेला. त्या उठावानंतर गोंडांच्या जमिनीचा प्रश्न निजाम सरकारला टाळता येईना. हायमेनडॉर्फ १९४१पासून आदिलाबादच्या डोंगरात, मारलवाई या गोंड गावात जाऊन राहिला. त्या वेळी राजुरा तालुका आदिलाबादमध्येच होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आला. म्हणजे आजची सीमारेषा तेव्हा नव्हती, आणि माणिकगडचा डोंगर आणि मारलवाईचा डोंगर एकाच जिल्ह्यात होते. हायमेनडॉर्फने काढलेली हजारो छायाचित्रे आता लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेत आहेत. त्यांत शेतातली कामे आहेत, लग्ने आहेत, केसलापूरची नागोबाची जत्रा आहे.

त्या फोटोंची किंमत दोन गोष्टींत आहे, आणि दोन्ही आपल्याला घेता येतात. एक, तो एका दिवसासाठी आला नव्हता. तेच गाव त्याने पावसाळ्यात पाहिले, सुगीत पाहिले, उन्हाळ्यात पाहिले. दोन, तो रोज टिपणे लिहीत होता, त्यामुळे कोणता विधी, कोणते गाव, कोणता महिना हे आजही कळते. जे घेता येणार नाही ते असे की त्या संग्रहात डोंगर पाहणारा डोळा शेवटी बाहेरचाच आहे. काय टिपावे हे त्याने ठरवले. त्याचा कॅमेरा गोंड माणसाच्या हातात गेला असता तर त्या माणसाने काय टिपले असते, याचा एकही पुरावा आपल्याकडे नाही. या खेळाचे खरे कारण मला तिथे दिसते. कॅमेरा आता या पठारावर घराघरात, खिशाखिशात आहे. विषय ठरवण्याचा हक्कही इथेच यायला हवा.

मराठी माणसांनी हा हक्क वाटून घ्यायच्या पद्धती आधीच शोधल्या आहेत. १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळाच्या गणेशोत्सवात ‘प्रकाशचित्रांचा झब्बू’ रंगत असे. एक विषय जाहीर व्हायचा आणि पुण्यापासून अमेरिकेपर्यंत विखुरलेली माणसे पत्त्यांच्या डावासारखे एकावर एक फोटो टाकायची. ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळावर छायाचित्रांचे पाक्षिक आव्हान चाले. त्यात जो जिंकेल त्याने पुढचा विषय द्यायचा आणि त्याचे परीक्षणही करायचे, अशी रीत होती. ती मला फार शहाणपणाची वाटते. आज परीक्षेला बसलेला उद्या परीक्षक होतो, त्यामुळे कोणीही फार चढत नाही आणि विषयही एकाच माणसाच्या आवडीत अडकून पडत नाहीत. पंच कायमचा कोणाच्याच हातात राहत नाही.

आता आठवडाच का, रोज किंवा महिन्यातून एकदा का नाही? रोजचे आव्हान घेणारेही पुष्कळ आहेत. पण ज्याची वेचणी चालू आहे, ज्याला दूध घालायचे आहे, ज्याला शाळेनंतर बकऱ्या चारायच्या आहेत, त्याला रोज एक नवा फोटो म्हणजे नुसता काच होतो. महिन्याचा वायदा दिला तर माणूस शेवटच्या रात्रीपर्यंत विसरून जातो. आठवड्याला इथे आपली चाल आहेच. आठवडी बाजार त्या चालीने भरतो, मजुरीचा हिशेब त्या चालीने होतो. सात दिवसांत विषय डोक्यात मुरायला वेळ मिळतो, आणि मुरला की तो आपोआप दिसू लागतो.

‘पाणी’ हाच विषय घ्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना हंडा सुचतो, कारण आपल्याबद्दलच्या बातम्यांनी आपल्यालाही तेच शिकवले आहे. तो फोटो काढून ठेवावा, पण पाठवू नये. दोन दिवसांनी लक्षात येते की कपाशीवर फवारणी करायला पाठीवरच्या पंपात भरतो तेही पाणीच, आणि कधी कधी घरच्या वापराहून शेतावर तेच जास्त वाहून न्यावे लागते. मग दिसते की शाळेच्या भिंतीवर पाणीबचतीचे चित्र आहे आणि त्याच्याच खालचा नळ कोरडा आहे. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी ओढ्यात बैल धुताना पाण्यात उलटी दिसणारी शिंगे दिसतात. विषय तोच, पण आठवड्याच्या शेवटी ‘पाणी’ म्हणताना तुमच्या मनात जे उभे राहते ते सोमवारी नव्हते. हे घडले की त्या आठवड्याचे काम झाले. पाठवलेला फोटो तिरपा आला असला तरी चालेल.

या पुस्तकातले वर्ष मृगापासून सुरू होते, कारण पठारावरचे वर्ष तेव्हाच सुरू होते. विषय मुद्दाम लहान आणि घरगुती ठेवले आहेत : उंबरठा, ओझे, वाट पाहणे, दोन, मागची बाजू, हात, धूर, लाल, उरलेले, आवाज. एकही विषय सणाच्या नावाचा नाही, जमातीच्या नावाचा नाही, देखाव्याचा नाही. पण ते कोणत्या आठवड्यात येतात याचा विचार केला आहे. ‘लाल’ हा विषय फाल्गुनात येतो, जेव्हा पळस फुललेला असतो. ज्याला पळस टिपायचा त्याने टिपावा, पण लाल मिरची वाळत घातलेली गच्ची, एसटीचा मागचा भाग, बंजारा तांड्यातल्या म्हाताऱ्या आजीच्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, काठ हेही त्याच आठवड्यात आहेत. ‘धूर’ मोहाच्या दिवसांत येतो. मोहफूल पहाटे गळते. ते नीट वेचता यावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि तीच आग कधी जंगलभर पसरते. चुलीचा धूर, त्या पाचोळ्याचा धूर आणि डोंगराखाली गडचांदूरकडे दिसणाऱ्या सिमेंट कारखान्याच्या चिमणीचा धूर, तिन्ही एका आठवड्यात शेजारी आले तर तालुक्याबद्दल जे कळते ते एखाद्या अहवालातूनही कळणार नाही.

‘मोजणे’ हा विषय तेंदूपानांच्या हंगामात ठेवला आहे. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडक्यांच्या रांगा लागतात, कोणी तरी मोजत असते आणि ज्याची पुडकी आहेत तो मोजणाऱ्याच्या बोटांकडे पाहत असतो. ‘वाट पाहणे’ हा विषय कापूस घरात येऊन पडतो तेव्हा येतो, कारण भाव वाढेल म्हणून घराच्या अर्ध्या खोलीत कापूस आणि उरलेल्या अर्ध्यात माणसे, असे ते दिवस असतात. ‘दोन’ हा विषय सीमेवरच्या गावांना डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे, पण तो कुठेही चालतो. सीमेवर दोन राज्यांच्या दोन शाळा शेजारी शेजारी भरतात, एकीत मराठी पाटी आणि दुसरीत तेलुगू. इतरत्र दोन म्हणजे बैलजोडी असेल, जुळ्या बहिणी असतील, एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घातलेला मुलगाही असेल.

जिवतीत हा खेळ रंगेल असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. या पठारावर गोंड, कोलाम आणि प्रधान आहेत, बंजारा तांडे आहेत, आणि १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून पोटासाठी आलेली कुटुंबे आहेत. एकाच बाजारात गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू आणि दोन-तीन वळणांची मराठी ऐकू येते. या सगळ्यांना एकमेकांची घरे माहीत असतात, पण घराच्या आतले फारसे माहीत नसते. कोलामांनी विणलेली टोपली प्रत्येकाच्या घरी असते. ती विणताना बांबूची कांब पायाच्या अंगठ्यात कशी धरतात हे ज्याने पाहिले तो विरळा. शेजाऱ्याने ‘हात’ या विषयावर पाठवलेला फोटो पाहून ते कळेल. प्रधानांची किकरी (त्यांचे तंतुवाद्य) मराठवाड्यातून आलेल्या घरातल्या पोरांनी लांबून ऐकली असेल. ‘आवाज’ या आठवड्यात ती वाजवणाऱ्याची बोटे जवळून दिसतील. तीज जवळ आली की तांड्यातल्या पोरी टोपलीत गहू रुजवतात. ‘उगवणे’ या विषयावर ते कोवळे पिवळे रोप शेणगावच्या किंवा पाटणच्या माणसाला दिसेल. बाहेरच्यांसाठी आपले प्रदर्शन मांडण्याआधी आपण एकमेकांना एकदा नीट पाहिलेले बरे.

साधनांबद्दल थोडे. चांगला मोबाईल असलाच पाहिजे असे नाही. घरात असलेला पुरे. झूम करू नये. मोबाईलचा झूम बहुतेक वेळा चित्र नुसते ताणतो, त्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. पुढे जाता येत नसेल तर बहुधा त्या माणसाला आपण तिथे नको आहोत. चेहरा उन्हाच्या विरुद्ध बाजूला असेल तर तो काळा पडतो; पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले की उजेड त्या चेहऱ्याच्या हिशेबाने बसतो. कुडाच्या घरात फ्लॅश मारला की भिंत पांढरी आणि डोळे लाल होतात. तो बंद ठेवून माणसाला दाराशी बोलावावे. दारातून एका बाजूने येणारा उजेड फुकट मिळतो, आणि तसला उजेड स्टुडिओवाले पैसे खर्चून तयार करतात. श्रावणात ढग असताना दिवसभर मऊ उजेड असतो. वैशाखात मात्र सकाळी आठनंतर कॅमेरा खिशात आणि माणूस सावलीत बरा. नेटवर्क सगळीकडे नाही, म्हणून फोटो पाठवायला आठवडा संपल्यावर आणखी दोन दिवस दिले आहेत. फोटो मात्र त्या सात दिवसांतलाच हवा.

आता सांभाळायच्या गोष्टी; यांत मी सवलत देणार नाही. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि काढल्यावर त्याला दाखवायचा. तो ‘नको’ म्हणाला तर त्याच्या देखत पुसायचा. लहान मुलांसाठी त्यांच्या घरच्यांना विचारायचे. दोन ओळखपत्रे, दोन रेशनकार्डे असा फोटो काढण्याचा मोह होईल. त्यावरचे नाव आणि क्रमांक दिसता कामा नयेत. दंडारीच्या, म्हणजे दिवाळीतल्या गोंडांच्या नाचाच्या, दिवसांत गुसाडी व्रतात असतो. त्या काळात तो अंघोळही करत नाही, अंगावर राख असते, आणि त्याच्याकडे लोक देवाचे माणूस म्हणून पाहतात. त्याला ‘जरा इकडे बघा’ म्हणून थांबवायचे नाही. त्या आठवड्याचा विषय ‘मागची बाजू’ मुद्दाम ठेवला आहे. नाच सुरू होण्याआधी मोरपिसांचा टोप सांभाळून ठेवणारी घरची माणसे, पाहुण्या गावच्या दंडारीसाठी चाललेला स्वयंपाक, पहाटे थकून पेंगणारे ढोलवाले, हे सारे बाहेरच्या कॅमेऱ्यांना दिसत नाही. पौषात सीमेवरच्या जंगुबाई देवीच्या गुहेकडे दोन्ही राज्यांतून लोक जातात. तिथे कुठपर्यंत कॅमेरा न्यायचा हे तिथल्या पुजाऱ्याला, कटोड्याला, विचारायचे, आणि तो म्हणेल तिथे थांबायचे.

प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी लिहायच्या : गाव, तारीख, काय चालले आहे, आणि माणूस हो म्हणाला असेल तर त्याचे नाव. वस्तूचे नाव ज्याची वस्तू आहे त्याच्या भाषेत लिहावे, देवनागरीत, कानाला जसे ऐकू येईल तसे. ‘आदिवासी महिला’, ‘ग्रामीण जीवन’ असले मथळे देऊ नयेत. ते दीडशे वर्षांपूर्वीच्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत भरपूर आहेत. आणि वर्षातून निदान एकदा, ज्यांचे फोटो काढले त्यांना छापील प्रत द्यावी. इथे अजूनही अशी घरे आहेत जिथे भिंतीवर एकच फोटो असतो, बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचा, ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. जिवंतपणी, हसताना, कामात असताना काढलेला फोटो तिथे लागला, तर या खेळाला दुसऱ्या बक्षिसाची गरज नाही.

बक्षीस म्हणून काही ठेवलेलेही नाही. दर आठवड्याला सगळे फोटो एकत्र पाहायचे, शक्य तर शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मिळून, आणि कोणता चांगला यापेक्षा कोणता आपल्याला सुचला नव्हता यावर बोलायचे. आठवडा चुकला तर पुढचा धरावा. मागची भरपाई करत बसू नये. मधे कंटाळा येईल, बहुधा हिवाळ्यात, पहिले नावीन्य संपल्यावर. त्या दिवसांसाठी ‘तेच ते’ असा विषय ठेवला आहे : रोज दिसते आणि म्हणूनच कधी टिपले नाही, असे काहीही.

शेवटी या पुस्तकाच्या रचनेबद्दल. वर्षाचे आठवडे बावन्न, आणि इथे विषय दिले आहेत चाळीस. उरलेल्या बारा पानांवर फक्त आठवड्याचा क्रमांक छापला आहे. ती बारा पाने तुमची. पहिले सहा-सात महिने खेळून झाल्यावर विषय कसा असावा हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळू लागेल. मग ते विषय आळीपाळीने द्यावेत : एक गुड्याने, एक तांड्याने, एक बाजारपेठेतल्या दुकानदाराने, एक शाळेतल्या पोरांनी, एक आजवर फोटो न काढलेल्या आणि फक्त फोटोत उभ्या राहिलेल्या आजीने. आणि दुसऱ्या वर्षी माझे चाळीसही खोडून टाकले, तर पुस्तकाची पुढची आवृत्ती तुमच्याच विषयांची निघेल. तिची प्रस्तावना लिहायला मग माझी गरज नसेल, आणि तशी ती नसावी याच हेतूने हे सारे मांडले आहे.